एकसारखं शेण

सुका घाटाळला कुणी काही विचारलं तर तो खरं सांगतो. विचारलं नाही तर सांगत नाही. त्याच्याबद्दल एवढं ठाऊक असलं तरी पुरे आहे; आमच्या प्रकल्पाचं जे झालं ते यातूनच झालं.

एकदा मुंबईहून डोंगर चढायला आलेल्या घोळक्याने त्याला विचारलं, "काका, ही वाट मासवणला जाते ना?" सुका म्हणाला, "जाते." घोळका गेला आणि दोन तासांनी कमरेपर्यंत चिखल घेऊन परत आला, कारण मधला साकव दोन पावसाळ्यांपूर्वीच वाहून गेला होता. त्यातला एक जण चिडून म्हणाला, "पूल नाही हे सांगायचं ना." सुका शांतपणे म्हणाला, "तुमी वाट इचारली. वाट जाते. पुलाचा कोनी इचारला?"

मासवण सोडून मनोरकडे निघालं की उजव्या हाताला वाघदऱ्याचा डोंगर लागतो. उंची पाचशे वीस मीटर. माथ्यावरच्या सपाटीवर अकरा घरांचा वरचा पाडा, पायथ्याला खालचा पाडा. सुका वरच्या पाड्याचा, त्याची बायको ठमी खालच्या पाड्याची. लग्नाला बावीस वर्षं झाली, तरी तिचं मत बदललेलं नाही. "वरचे सगले सुस्त," ती म्हणते, "ऊन डोक्यावर आल्याबिगर हलत नाय." यावर सुका म्हणतो, "खालचे सगले घाईचे. आनि जरा थंडी पडली का चुलीत शिरायला बघतात."

दिवाळीनंतर भात झोडून झालं की वरचा पाडा जगायला जातो. जगायला जाणं म्हणजे वसईकडे वीटभट्टीवर, नाहीतर बोईसरला इमारतीच्या कामावर जाणं आणि शिमग्यापर्यंत तिकडेच ताडपत्रीखाली राहणं. वर्षाचे उरलेले महिने डोंगरात जे करतात त्याला कोणता शब्द आहे, हे मी अजून विचारलेलं नाही.

माझी त्याची ओळख शेणामुळे झाली. मी स्वरा. माझे वडील हिंगोलीहून तारापूरच्या कारखान्यात कामाला आले. मला त्यांनी जैवतंत्रज्ञान शिकवलं आणि शिकल्याचा उपयोग करायला मिळालेली पहिली नोकरी ही अशी, शेण गोळा करण्याची. आमच्या संस्थेचं क्षेत्रीय केंद्र बोईसरला एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत होतं. सुका पहिल्यांदा तिथे आला तेव्हा जिन्याच्या भिंतीवरून हात फिरवत वर चढला. मला वाटलं, त्याला चक्कर येते आहे. तो म्हणाला, "नाय बाय. ह्या जिन्याची रेती मीच चढवली. बघतो, टिकलीय काय."

प्रकल्पाचं नाव होतं, 'तापमान व उंची यांचा पर्वतीय कीटकांच्या जनुकीय विविधतेवरील परिणाम'. आमचे प्रमुख डॉ. जितेश, म्हणजे जितेशसर. त्यांनी आधी हिमालय मागितला होता. मंजुरी देणाऱ्यांनी पैसे कमी केले, त्यासोबत पर्वतही कमी झाला. वाघदरा ठरला, कारण सकाळी चढून संध्याकाळी घरी परतता येत होतं. नावातला 'पर्वतीय' शब्द मात्र तसाच ठेवला; छापून आलेल्या कागदांवर खाडाखोड कशाला.

कल्पना चांगली होती, अजूनही आहे. डोंगर चढू लागलं की शंभर मीटरला अर्धा-पाऊण अंश तापमान उतरतं. माणसाला थंडी वाजली तर तो गोधडी घेतो. किड्याला ती सोय नाही, त्याला आपल्या जनुकांवर भागवावं लागतं. पिढ्यान्‌पिढ्या वर राहणाऱ्यांत थंडी सोसणारे टिकतात, खाली राहणाऱ्यांत उन्हाचा मारा सोसणारे. दोघे एकमेकांत मिसळले नाहीत तर फरक साठत जातो. मिसळले तर पुसत जातो. आम्ही निवडला शेणकिडा, शेणाचे गोळे ढकलत नेणारा. वाघदऱ्याला मध्येच एक सरळ कडा आहे. शेणकिडा तो ओलांडत नाही, गुरंही ओलांडत नाहीत. ओलांडतात फक्त माणसं, आणि माणसांचा विचार प्रकल्पात केलेला नव्हता.

पायथ्यापासून माथ्यापर्यंत आम्ही सहा ठाणी आखली. प्रत्येक ठाण्यावर झाडाला एक तापमान मोजणारं बटण बांधलं. ते रुपयाएवढं असतं आणि दर तासाला तापमान नोंदवतं. खाली जमिनीत प्लास्टिकचे पेले पुरले. पेल्यावर जाळी, जाळीवर शेणाचा गोळा. वास घेत किडा येतो, जाळीतून पेल्यात पडतो, तिथून कुपीत आणि कुपीतून बोईसरला. हे सगळं चढवायला-उतरवायला सुकाला घेतलं. कागदावर त्याचा हुद्दा होता 'अकुशल मजूर, डोंगरी'.

पहिल्याच आठवड्यात जितेशसरांनी दोन कुप्या उन्हात धरल्या होत्या. सुका बाजूला टोपली बांधत होता. त्याने मान वर केली आणि म्हणाला, "ह्यो वरचा, ह्यो खालचा."

"चिठ्ठी वाचलीस का?"

"मना वाचता येत नाय."

"मग कशावरून?"

"वरचा जास्त काला. सकाली हलत नाय. गोला पन बारका करते. आनि बाहेर निघते उशिरा, खालच्याच्या मागून."

सर हसले. "असं नुसतं म्हणून चालत नाही सुका. सिद्ध करावं लागतं."

सिद्ध करायला सात महिने लागले. जनुकं वाचणाऱ्या यंत्राने सांगितलं की कड्यावरच्या आणि कड्याखालच्या किड्यांच्या जनुकांत ठळक फरक आहे. वरच्यांत थंडी सोसण्याशी जोडलेला एक प्रकार जवळजवळ सगळ्यांत आहे, खालच्यांत तो जवळजवळ नाही. शोधनिबंधात वाक्य आलं, 'आमच्या असे निदर्शनास आले की वरील किडे अधिक गडद असून सकाळी मंद असतात.' मी सुकाला ते वाचून दाखवलं. ठमीने विचारलं, "ह्याचा नाव हाय काय त्यात?"

"आहे," मी म्हटलं. "शेवटी, आभारात. 'स्थानिक मजूर' म्हणून."

"म्हंजे नाय," ठमी म्हणाली आणि भाकरी थापायला लागली.

त्या निबंधावर कुठल्या तरी दूरच्या तज्ज्ञाने एक शेरा मारला. पहिल्या वर्षी सुका प्रत्येक ठाण्यावर तिथल्याच गुराचं शेण वापरत होता. गाय शेण टाकायला आणि सुका हात पुढे करायला एकच गाठ पडायची, इतकं ताजं. तज्ज्ञ म्हणाला, प्रत्येक ठाण्यावरचं शेण वेगळं असेल तर किड्यांतला फरक तापमानाचा की शेणाचा? सरांनी हा शेरा मनाला लावून घेतला. पुढच्या वर्षीपासून सहाही ठाण्यांवर एकसारखं शेण वापरायचं ठरलं.

एकसारखं शेण ही वाटते तितकी सोपी गोष्ट नाही. आधी ते केंद्रातल्या फ्रिजमध्ये ठेवून पाहिलं. त्या फ्रिजमध्ये विजयाचा डबा असे. विजया आमच्याकडे कुप्या धुण्याचं आणि नोंदींचं काम करायची, समुद्राकाठच्या दांडी गावाहून रोज यायची. चौथ्या दिवशी तिने शेणाची पिशवी बाहेर काढून सरांच्या टेबलावर ठेवली. "सर, माझे बोंबलाना तुमचे शेनाचा वास लागते."

सर म्हणाले, "विजया, उलटंही असू शकतं. बोंबलांचा वास नमुन्याला लागला तर सगळा अभ्यास वाया जाईल."

"मंग ठरवा," विजया म्हणाली, "अभ्यास करायचा का जेवायचा."

म्हणून शेण डोंगराच्या पायथ्याशी गेलं. खालच्या पाड्यात आंब्याखाली एक निळा पिंप ठेवला. नऊ पानांची कार्यपद्धती तयार झाली; ती मी सुकाला वाचून दाखवली. बारा गुरांचं शेण संध्याकाळी पिंपात भरायचं, लाकडी फळीने दहा मिनिटं ढवळायचं, रात्रभर मुरू द्यायचं आणि सकाळी सारख्या वजनाचे गोळे करून सागाच्या पानात बांधून बालदीतून वर न्यायचे. पान चारवर एक वाक्य होतं, 'हवा खेळती राहावी म्हणून पिंपाला झाकण लावू नये.' ते वाक्य मी लिहिलं होतं. मला ते फार शास्त्रीय वाटलं होतं.

पहिल्या सकाळी सुका पिंपाशी वाकून बराच वेळ आत बघत उभा राहिला. मी विचारलं, "सगळं नीट आहे ना?"

"कागदात लिवलाय तसाच हाय," तो म्हणाला. गोळे बांधले, बालदी डोक्यावर घेतली आणि कडा चढून गेला. तो असा जगायला जाईपर्यंत आठवड्यातून दोनदा चढला.

दुसऱ्या वर्षाचे निकाल आले तेव्हा सरांनी सगळ्यांना पेढे दिले. माथ्यावरच्या पेल्यांत सापडलेल्या किड्यांपैकी तिसरा हिस्सा खालच्या जातकुळीचे होते. जनुकं अगदी पायथ्याची. जे किडे हजारो वर्षं कडा ओलांडत नव्हते ते एका वर्षात माथ्यावर पोचले होते. "तापमानवाढ," सर म्हणाले, "ते गारव्याच्या शोधात चढतायत." दोन दिवसांनी वर्तमानपत्रात मथळा आला, 'पालघरचे किडे डोंगर चढू लागले'. मग वाघदऱ्यावर एक फलक लागला, 'उच्चस्थानीय कीटक संवेदनशील क्षेत्र'. फलक जिथे लागला तिथेच वरच्या पाड्याने चार वर्षांपूर्वी नळ मागितला होता. फलक दोन आठवड्यांत आला, कारण किड्यांना अर्ज करावा लागत नाही.

यानंतर प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्याची बोलणी सुरू झाली. पाच वर्षांचा टप्पा, त्यात 'क्षेत्र सहायक' असं बारमाही पद आणि गळ्यात घालायचं फोटोचं ओळखपत्र. सरांनी सुकाला बोलावून सांगितलं, "मंजुरी आली की ते पद तुझं."

सुकाने विचारलं, "म्हंजे पाच वरसं जगायला नाय जायाचा?"

"नाही जायचं."

सुका उठला. दारापर्यंत गेला आणि परत आला. "दिवाळीनंतर पन नाय?"

"नाही रे बाबा."

त्याने हे घरी कसं सांगितलं मला ठाऊक नाही, पण महिन्याभराने मी वर गेले तेव्हा ठमीने घरामागे वाल लावला होता आणि खुडूक कोंबडीखाली अंडी बसवली होती. जगायला जाणारी बाई वाल लावत नाही, कारण तोडायला ती नसते. कोंबडी तर बसवतच नाही. दिवाळीच्या आधी पाड्यात सगळे आपापल्या कोंबड्या विकून टाकतात. शेजारची रंभाबाई तिची थट्टा करत होती. "ठमे, तू आता बारमाही झालीस. साहेबीण."

"तुजे पोराला शिपाई ठेवीन," ठमी म्हणाली. अशी खुशीत मी तिला आधी पाहिली नव्हती.

मंजुरी द्यायला समिती येणार होती, दिवाळीनंतरच्या आठव्या दिवशी. त्याच्या आठवडाभर आधी मी सुकाबरोबर माथ्यावर गेले. समितीला दाखवायला एक ठाणं नीटनेटकं करायचं होतं. जाळीवर ठेवण्याआधी एक गोळा माझ्या हातून निसटला आणि दगडावर फुटला. त्यातून चार शेणकिडे बाहेर आले आणि इकडेतिकडे निघाले. लगबगीने, सकाळच्या गारठ्यात.

मी सुकाकडे वळले. "सुकाकाका, हे कधीपासून?"

"पैल्या दिवसापासून. पिंप उघडा, शेन ताजा. रातभर खालचे किडे आत शिरतात. सकाली आपन गोले बांधतो."

"आणि तुम्ही ते वर आणता."

"मीच आनतो. दुसरा कोन आनील?"

"मग सांगितलं का नाही?"

"तुमी इचारला, नीट हाय काय. कागदापरमाने नीटच होता. किड्यांचा कोनी इचारला नाय."

त्या दगडावरून समुद्र दिसतो, तारापूरची धुरांडी दिसतात, हवा स्वच्छ असली तर सातपाटीच्या बोटीही दिसतात. मी सगळीकडे बघून घेतलं. वर्तमानपत्र, फलक, पेढे, सगळं त्या बालदीतून चढलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी जितेशसरांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "तुझ्याकडे याचा डेटा आहे?"

"मी डोळ्यांनी पाहिलं सर. गोळा फुटला, त्यातून—"

"एक गोळा. एक गोळा म्हणजे निरीक्षण नाही, अफवा." मग ते म्हणाले, "आणि स्वरा, झाकण लावू नये हे कुणी लिहिलं होतं?"

 सर समजूतदारपणे म्हणाले, "तू सुकाची तयारी करून घे. समितीने विचारलं, किडे वर का गेले, तर म्हणायचं, गरमी वाढली. बास. आणि त्याच्या नोकरीचाही प्रश्न आहे, हे त्याला नीट समजाव."

मी समजावलं. सुकाच्या अंगणात बसून, खाली मान घालून समजावलं. सुका म्हणाला, "गरमी तर वाढलीच हाय. ते खोटा नाय."

"तेवढंच म्हणायचं," मी म्हटलं.

"पन त्यांनी इचारला, किडे कसे चढले, तर?"

ठमी उंबऱ्यात बसून कोंबडीला दाणे टाकत होती. ती म्हणाली, "तर बोल, चालत चढले. एकदा खोटा बोललास तर तुज्या अंगाला काय काटे येतील? सगल्या जगाला खरा सांगतोस, मना कदी सांगितलास काय, का तुजे किडे बालदीत हायत?"

"तू इचारलाच नाय," सुका म्हणाला.

ठमीने दाण्यांचं सूप खाली ठेवलं. "मी कोंबडी बसवली तवा तू बघत होतास ना. तवा पन नाय बोललास." सुकाने कोंबडीकडे बघितलं. कोंबडी एवढी फुगून बसली होती की तिच्याखालची अंडी दिसतही नव्हती.

समिती आली तेव्हा वरच्या पाड्यातली नऊ घरं जगायला गेली होती. पायथ्याशी मांडव घातला होता. पांढऱ्या चादरीचं टेबल, काजू, शहाळी. चार सदस्य होते. तिघांनी डोंगराकडे एकदा मान वर करून बघितलं आणि काजूंकडे वळले. चौथ्या प्रियदर्शिनीबाई. वयाने साठीच्या पुढच्या, मूळच्या सोलापूरच्या, पायात कापडी बूट. त्या मांडवात बसल्याच नाहीत. सरळ आंब्याखाली गेल्या आणि पिंपात डोकावल्या. सर लगबगीने मागे गेले. "हे आमचं एकसारखं शेण, मॅडम."

"छान आहे," बाई म्हणाल्या. मग बालदी घेऊन उभ्या असलेल्या सुकाकडे वळल्या. त्याच्या अंगात नवा शर्ट होता, अजून घडीच्या रेघा असलेला. "तुम्हीच वर नेता?"

"मीच."

"मला सांगा, हे किडे वर कसे गेले?"

का गेले, असं त्यांनी विचारलं असतं तर बरं झालं असतं. सुकाने मांडवाच्या खांबाशी उभ्या असलेल्या ठमीकडे बघितलं. ठमीने तोंड फिरवलं नाही, होकारही दिला नाही. नुसती उभी राहिली. सुकाने बालदी खाली ठेवली.

"बालदीत बसून," तो म्हणाला.

बाईंना कळलं नसेल असं समजून त्याने एक गोळा काढला, सागाचं पान सोडलं आणि गोळा पांढऱ्या चादरीवर ठेवून दोन बोटांनी उकलला. पाच किडे निघाले. त्यातला एक काजूच्या बशीपर्यंत गेला आणि एका सदस्याने बशी उचलून मांडीवर घेतली.

"पिंपाला झाकण का नाही?" बाईंनी विचारलं.

सर माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "झाकण लावू नये असं मी लिहिलं होतं. आणि हे मला आठवड्यापूर्वी कळलं होतं." यानंतर मला नोकरीवर ठेवतील असं वाटत नव्हतं, म्हणून तेवढं स्पष्ट बोलता आलं.

समितीने आम्हाला बाहेर काढून मांडवात बैठक घेतली. अर्धा तास चालली. कापडाच्या मांडवातली बैठक गुप्त राहत नाही. दुसऱ्या टप्प्याचा निधी मार्चच्या आत वापरला नाही तर परत जाणार होता आणि परत गेलेला निधी पुन्हा येत नाही, हे एका सदस्याने तीनदा सांगितलं. चुकीचा निष्कर्ष ही दुरुस्त होण्यासारखी गोष्ट आहे, असं दुसऱ्याने सांगितलं. फलक लागलेला आहे, असं तिसरा म्हणाला. सरांना आत बोलावलं. दहा मिनिटांत त्यांचा आवाज पूर्ववत झाला, आणि मग तो पूर्वीपेक्षाही उत्साही झाला.

बाहेर येऊन त्यांनी जाहीर केलं की दुसरा टप्पा मंजूर आहे. नाव तेवढं बदललं, 'पर्वतीय कीटकांच्या जनुकीय मिसळणीत मानवी वाहकाची भूमिका'. "सुका," सर म्हणाले, "तू किती मोठी गोष्ट केलीस तुला कल्पना नाही. एका वर्षात एक माणूस एवढी जनुकं कड्यापलीकडे नेतो, याची नोंद आजवर कुणाकडे नव्हती. प्रकल्पात तू आता वाहक क्रमांक एक."

सुकाने विचारलं, "आनि ते ओलखपत्र?"

सरांनी कागद चाळले. "त्यात एक अडचण आहे. जो अभ्यासाचा विषय आहे तो अभ्यासाचा कर्मचारी असू शकत नाही. नियम आहे."

सुकाने यावर नीट विचार केला. "म्हंजे मी आता किड्यांच्या बाजूला?"

"तांत्रिकदृष्ट्या, हो," सर म्हणाले.

ठमी खांबापासून निघून डोंगर चढायला लागली होती. सुकाने शर्टाची वरची गुंडी सोडली, फुटलेला गोळा चादरीवरून गोळा करून पिंपात टाकला आणि तिच्या मागे गेला. वर पोचल्यावर ती बोचकं बांधायला घेणार आणि कोंबडी रंभाबाईच्या घरी मागे राहिलेल्या म्हातारीला देऊन टाकणार, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही.

तिने बोचकं बांधलंही. पण मंजुरीचा कागद चौथ्या दिवशी केंद्रात आला, मला अजून कुणी काढलं नव्हतं, आणि मी तो पूर्ण वाचला, अगदी शेवटच्या पानापर्यंत; झाकणाच्या प्रकरणानंतर मला ती सवय लागली आहे. शेवटच्या पानावर, छापील ओळींखाली, प्रियदर्शिनीबाईंच्या हाताने लिहिलेलं कलम होतं. 'अभ्यासकाळात वाहकाने व त्याच्या कुटुंबाने अभ्यासक्षेत्र सोडून स्थलांतर करू नये, अन्यथा निरीक्षणे निरुपयोगी ठरतील. सबब पाचही वर्षे बारा महिने त्यांच्या निर्वाहाची जबाबदारी प्रकल्पाची राहील.' बाईंनी हे मुद्दाम घातलं की खरोखरच निरीक्षणांची काळजी होती, ते कळायला मार्ग नाही. मी कागद घेऊन रिक्षाने मासवण आणि तिथून पायी वाघदरा गाठला. बोईसरचा रिक्षावाला म्हणाला, "मॅडम, इतना जल्दी किधर, आग लगी है क्या?" मी म्हटलं, "कोंबडी बसलीय."

ठमीने कलम दोनदा वाचायला लावलं. "म्हंजे मानसाला नाय दिला ते किड्याच्या गाडीला दिला."

"असंच काहीसं."

"ऱ्हाव दे," ती म्हणाली आणि बोचकं सोडलं. अकरा पिल्लं निघाली. एक घारीने नेलं.

पौषात माथ्यावर चांगली थंडी पडली. पिंपाला आता झाकण होतं, गोळे किड्यांशिवाय वर जात होते. पुढच्या पावसाळ्यातल्या नमुन्यांत माथ्यावर खालच्या जातकुळीचे किडे जवळजवळ उरले नव्हते. वरच्या थंडीत ते तगले नाहीत. मिसळणीची थोडी पिल्लं होती, तीही कमीच. आधी जे म्हणत होतो तेच डोंगराने परत सांगितलं. मी सुकाला निकाल सांगितला. तो म्हणाला, "मी तर बोललोच होतो. खालच्याला वरची थंडी नाय झेपत." आतून ठमीचा आवाज आला, "बावीस वरसं झेपतेय."

ओळखपत्राच्या जागी सुकाच्या गळ्यात आता दोरीला बांधलेलं तापमानाचं बटण असतं. उंचीप्रमाणे तापमान उतरतं, तेव्हा बटणावरच्या तापमानावरून वाहक दिवसभरात कोणत्या उंचीवर होता ते काढायचं, अशी सरांची योजना आहे. परवा त्यांनी मला उत्साहाने आलेख दाखवला. "हे बघ. वाहक रोज दुपारी बारा ते चार या वेळेत सुमारे बाराशे मीटर उंचीवर असतो."

"सर, डोंगर पाचशे वीसचा आहे."

"तेच तर. म्हणजे माथ्यावर असा एक गारव्याचा कप्पा आहे जो कुणाला माहीत नाही, आणि वाहकाने तो शोधलाय. उष्णतेला दिलेला प्रतिसाद. यावर स्वतंत्र निबंध होईल."

"त्याला विचारू का, दुपारी कुठे असतो ते?"

"अजिबात नको," सर म्हणाले. "विषयाला विचारलं की निरीक्षण बिघडतं."

काल दुपारी मी वर गेले होते. सुका ओसरीत वालाच्या शेंगा सोलत बसला होता. गळ्यात दोरी नव्हती. घरामागच्या डबक्यात त्याचा रेडा नाकापर्यंत बुडून बसला होता, आणि त्याच्या मानेभोवती प्रकल्पाची दोरी होती, बटण गार पाण्याखाली.

"सोलताना मधे येते," सुका म्हणाला. मग थोडा काळजीत पडून त्याने विचारलं, "बाय, सर इचारतील काय?"

"नाही विचारणार."

"मंग बरा," तो म्हणाला आणि सूप माझ्याकडे सरकवलं.